राफाची भिंत : उघडं दार आणि उरलेले तास

रविवार, 20 जानेवारी 2008. रात्री आठच्या सुमारास. उरलेले तास : सव्वातीनशे.

गाझातलं एकमेव वीजकेंद्र बंद पडलं. यंत्रांत बिघाड नव्हता, डिझेल संपलं होतं. हे डिझेल इस्राएलमधून नहल ओझच्या नाक्यावरून येई आणि त्याचे पैसे युरोपीय संघ भरत असे. म्हणजे उधारीचाही प्रश्न नव्हता. तीन दिवसांपूर्वी, 17 तारखेच्या रात्री, इस्राएलचे संरक्षणमंत्री एहूद बराक यांनी गाझाची सगळी नाकी बंद करण्याचा आदेश दिला होता. टाकीत जेवढं उरलं होतं तेवढ्यावर केंद्र तीन दिवस चाललं.

गाझा शहर अंधारात गेलं. पंप थांबले, त्यामुळे नळ कोरडे आणि सांडपाणी तुंबलेलं. रुग्णालयं जनरेटरवर आली आणि तिथले डॉक्टर जनरेटरचं डिझेल किती तास पुरेल याचा हिशेब करू लागले. लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. राफा शहराची काही वीज इजिप्तकडून येत होती, ती चालू राहिली.

नोंदींच्या वर जे उरलेले तास दिले आहेत ते 3 फेब्रुवारीच्या सकाळपर्यंतचे आहेत, अंदाजाने मोजलेले. त्या सकाळी एक दार बंद झालं. इजिप्तच्या सरहद्दीवरची राफाची भिंत मध्यंतरी पडली हेच संकट, असं तेव्हा जेरुसलेम, कैरो आणि वॉशिंग्टनमध्ये मानलं गेलं. मी उलट मानतो. भिंत पडल्यावर काही दिवस माणसं माणसांसारखी बाजारात जाऊन आली. अनर्थ ती पुन्हा उभी राहिली त्या दिवशी घडला.

थोडं मागे जायला हवं, नाहीतर मेणबत्त्या का पेटल्या हे कळणार नाही. जानेवारी 2006 च्या निवडणुकीत हमास जिंकली. जून 2007 मध्ये प्रतिस्पर्धी पक्ष फतहशी रस्त्यावर लढून तिने गाझा ताब्यात घेतला. त्याच महिन्यात राफाचं नाकं बंद झालं. तिथे 2005 पासून युरोपीय निरीक्षक बसत, तेही निघून गेले. सप्टेंबरमध्ये इस्राएलच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळाने गाझाला शत्रूप्रदेश ठरवलं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस इंधनात कपात सुरू झाली. सिमेंट तर जूनपासून येतच नव्हतं. लांबीला 41 किलोमीटर, रुंदीला कुठे सहा तर कुठे बारा, एवढ्या पट्टीत 15 लाख माणसं. एका बाजूला समुद्र आणि त्यात इस्राएली नौदल, दोन बाजूंना इस्राएलचं कुंपण, चौथ्या बाजूला इजिप्त आणि मध्ये ही भिंत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गाझातून इस्राएलच्या स्देरोत शहरावर रॉकेटं पडत होती. 15 जानेवारीला इस्राएली सैन्य गाझात घुसलं, पंधराहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले, त्यात हमासचे नेते महमूद झहार यांचा मुलगा होता. त्यानंतर काही दिवसांत शेकड्याने रॉकेटं सुटली. भोंगा वाजल्यापासून पंधरा सेकंदांत आडोसा गाठायचा, अशा शहरात मुलं वाढवणं काय असतं ते स्देरोतच्या आईबापांना ठाऊक आहे. पण रॉकेट सोडणारा हात एकाचा आणि पिठाची पिशवी बंद झाली ती भलत्याच्याच घरची. पंधरा लाखांना एकत्र शिक्षा देण्याचं समर्थन मला कुठल्याही कायद्यात किंवा धर्मात सापडत नाही.

सोमवार, 21 जानेवारी. दिवसभर. उरलेले तास : तीनशे दहा.

पाव भाजणाऱ्या बेकऱ्यांना टाळी लागली. ज्या चालू होत्या त्यांच्यासमोर रांगा. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था गाझात आठ लाख साठ हजार लोकांना शिधा देत असे. तिने जाहीर केलं की बुधवार-गुरुवारपर्यंत शिधावाटप थांबवावं लागेल. कारण गोदाम रिकामं झालं होतं असं नाही. ट्रकना इंधन नव्हतं, आणि धान्य भरायला प्लास्टिकच्या पिशव्या नव्हत्या.

ही पिशव्यांची गोष्ट मला आकड्यांहून जास्त बोलकी वाटते. पिशव्या बाहेरून येत. नाकं बंद, म्हणून पिशव्या बंद. पिशवी म्हणजे काही शस्त्र नव्हे. पण कोणती वस्तू आत सोडायची हे ठरवणाऱ्या यादीत तिचं नाव नसलं की गोदामात धान्य असून माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. वेढा असा चालतो. त्याला तोफ लागत नाही, एक कारकून आणि एक यादी पुरते.

त्या दिवशी पंतप्रधान एहूद ओल्मर्ट म्हणाले की गाझाच्या रहिवाशांच्या गाड्यांना पेट्रोल नसेल तर त्यांनी पायी चालावं, त्यांच्यावर राज्य करणारे दहशतवादी दक्षिण इस्राएलला सुखाने जगू देत नाहीत.

मंगळवार, 22 जानेवारी. दुपार. उरलेले तास : दोनशे ऐंशीच्या पुढे.

जगभरातून ओरड झाल्यावर इस्राएलने थोडं डिझेल आत सोडलं. केंद्र पुन्हा धुगधुगू लागलं. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली, निवेदनाच्या मसुद्यावर खल झाला, एकमत होईना.

राफात मात्र बायका निघाल्या. शेकड्यांनी. मोर्चा हमासने काढला होता, यात शंका नाही. तरी त्या दिवशी चुलीत घालायला काही नसलेल्या बाईला मोर्चात आणायला फार मनधरणी करावी लागली असेल असं वाटत नाही. त्या इजिप्तच्या फाटकावर धडकल्या. समोर इजिप्तचे पोलीस. पाण्याचे फवारे सुटले, हवेत गोळ्या झाल्या, काही बायका आत शिरल्या, पुष्कळ जखमी झाल्या. संध्याकाळी फाटक पुन्हा बंद.

बुधवार, 23 जानेवारी. पहाटे दोन-तीनचा सुमार. उरलेले तास : 270.

एकामागोमाग एक स्फोट. भिंतीचे पत्रे कोसळले.

ही भिंत गाझा आणि इजिप्तच्या मधल्या फिलाडेल्फी पट्ट्यात इस्राएली सैन्याने उभी केलेली, पन्हाळी लोखंडी पत्र्याची, दोन मजली घराहून उंच. ती बांधण्याआधी आणि बांधताना सैन्याने पट्टा रुंद करायला राफातली घरं पाडली. ह्यूमन राइट्स वॉचच्या 2004 च्या अहवालाप्रमाणे चार वर्षांत राफात सोळा हजार लोक बेघर झाले, म्हणजे शहरातला दर दहावा माणूस. सप्टेंबर 2005 मध्ये सैन्य गाझातून निघून गेलं, भिंत मागे ठेवून. आता हमासच्या माणसांनी तिचा पाया आधीपासून कापून ठेवला होता. स्फोटांनी फक्त शेवटचा धक्का दिला.

उजाडताना लोक आडव्या पडलेल्या पत्र्यांवरून चालत होते. पन्हाळी पत्र्यावर पाय घसरतो, म्हणून तरुण पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून म्हाताऱ्यांना हाताला धरून पलीकडे नेत होती. मग बुलडोझर आले, वाट रुंद झाली, गाढवाच्या गाड्या जाऊ लागल्या, दुपारपर्यंत मोटारी.

सकाळ. उरलेले तास : 265.

कैरोत त्या दिवशी आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळ्याचं उद्घाटन होतं. तिथे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांना विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की हे लोक भुकेले आहेत, त्यांना येऊन खाऊ द्या, सामान घेऊ द्या, शस्त्र नसेल तर परत जाऊ द्या, असं आपण सैनिकांना सांगितलं आहे. मुबारक काही कनवाळू राज्यकर्ते म्हणून ओळखले जात नव्हते. पण भुकेल्या शेजाऱ्यावर आपल्या सैनिकांनी गोळी झाडली हे दृश्य अरब जगात घरोघरी टीव्हीवर दिसणं त्यांना परवडलं नसतं. कारण काहीही असो, सैनिक बाजूला झाले.

आणि गाझा बाजाराला निघाला.

पलीकडे इजिप्तचं राफा, छोटं गाव. दुकानं काही तासांत रिकामी. मग लोक ट्रकांत, टॅक्सीत, मिळेल त्या वाहनात बसून 45 किलोमीटरवरच्या अल-अरिशला गेले. काय आणलं त्यांनी? सिमेंट. डोक्यावर गोणी, खांद्यावर गोणी, हातगाडीवर गोण्यांची रास. सात-आठ महिने ज्यांच्या घराचं छप्पर अर्धं राहिलं होतं त्यांनी आधी सिमेंट घेतलं. मग डिझेल आणि पेट्रोलचे कॅन. पीठ, तेल, साखर, चीज, धुण्याची पावडर, औषधं. गाद्या. सिगारेटी भरपूर, कारण गाझात सिगारेटचं पाकीट चैनीच्या भावाने विकलं जात होतं. मोटरसायकली. आणि जनावरं : शेळ्या, मेंढ्या, गाई. शेळी कडेवर घेऊन चालणारे लोक, दोरीने ओढत नेलेली वासरं. एका ठिकाणी भिंत अजून उभी होती, तिथे क्रेनला पट्टा बांधून उंट उचलला आणि भिंतीवरून पलीकडे उतरवला. त्याचं छायाचित्र जगभर छापून आलं. हवेत लोंबकळणारा, चारी पाय सुटलेला उंट, खाली तोंडं वर करून बघणारी माणसं. पुष्कळांना ते गमतीचं वाटलं. मला त्यात एक घरमालक दिसतो, ज्याने खूप दिवसांनी पैसे मोजून काहीतरी विकत घेतलं आहे आणि ते कसंही करून घरी न्यायचं आहे.

इजिप्तच्या दुकानदारांनी इस्राएली शेकेल घेतले. दोन दिवसांत भाव चढले. धंदा तो धंदा, त्यात नवल नाही.

पण राफातल्या पुष्कळांना बाजार नकोच होता. त्यांना माणसं भेटायची होती. 1982 मध्ये कॅम्प डेव्हिडच्या करारानुसार इस्राएलने सिनाई इजिप्तला परत दिलं तेव्हा सरहद्दीची रेघ राफा गावाच्या मधोमध गेली. घरं या बाजूला, शेतं त्या बाजूला. भाऊ इकडे, बहीण तिकडे. कॅनडा कॅम्प नावाची निर्वासितांची एक आख्खी वस्ती पलीकडे राहून गेली. पूर्वी या भागात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले कॅनडाचे सैनिक राहत, म्हणून हे नाव. करारात त्यांना परत आणायचं ठरलं होतं. शेवटची कुटुंबं परत यायला 2000 साल उजाडलं. मधल्या काळात नातेवाईक कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून एकमेकांशी ओरडून बोलत. लग्न ठरल्याचं, बाळ झाल्याचं, आजी गेल्याचं, सगळं असं वाऱ्यावर ओरडून. ज्याने आपल्या आईच्या मरणाची बातमी तारांच्या जाळीतून ऐकली त्याला 23 जानेवारीच्या सकाळी पलीकडे जाऊन तिच्या कबरीपाशी उभं राहता आलं असेल, तर त्या सकाळीला सुरक्षेतली त्रुटी म्हणणाऱ्यांनी आपल्या घरात डोकावून बघावं.

गुरुवार, 24 जानेवारी. उरलेले तास : 240.

इस्राएलचे उपसंरक्षणमंत्री मतान विल्नाई यांनी रेडिओवर सांगितलं की गाझा दुसरीकडे उघडा झाला की आपली जबाबदारी संपते. वीज, पाणी, औषधं तिकडूनच जावीत. कैरोने ताबडतोब नकार दिला. एका बाजूला चावी हातात ठेवायची आणि दुसरीकडे घर आपलं नाही म्हणायचं, ही इस्राएलची भूमिका. इजिप्तचीही भीती खोटी नव्हती. त्यांना आपल्या अंगणात आणखी एक निर्वासित छावणी, आणि आपल्या विरोधकांच्या जवळची हमास, दोन्ही नको होतं. 15 लाख माणसं दोन सरकारांमध्ये अशी ढकलली जात होती आणि त्या वेळी ती माणसं रांगेत उभी राहून दही आणि साबण घेत होती.

आणि संध्याकाळी घरी परतत होती.

हे नीट सांगायला हवं, कारण त्या दिवसांतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती आणि तिच्याकडेच कोणी पाहिलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या काही दिवसांत सात लाखांच्या आसपास लोक सरहद्द ओलांडून गेले. म्हणजे जवळपास निम्मा गाझा. दार उघडलं की हे लोक सिनाईत पसरतील, परतणार नाहीत, हा हिशेब कित्येकांनी मांडला होता. जवळजवळ सगळे परतले. अंधारातल्या, नळाला पाणी नसलेल्या, वरून विमानं घिरट्या घालणाऱ्या आपल्या घरी, डोक्यावर सिमेंट घेऊन. ज्याला पळून जायचं आहे तो सिमेंट विकत घेत नाही. 2005 मध्ये इस्राएली सैन्य गेल्यावर याच सरहद्दीवर काही दिवस असंच झालं होतं, आणि तेव्हाही लोक परतले होते.

शुक्रवार, 25 जानेवारी. दुपार. उरलेले तास : 210.

इजिप्तच्या दंगल पोलिसांनी ढाली आणि कुत्रे घेऊन रांग धरली, काटेरी तार ओढायला सुरुवात केली. पाण्याचे फवारे पुन्हा सुटले, पलीकडून दगड आले. मग हमासचा एक बुलडोझर आला आणि त्याने दुसरीकडे भिंतीचा आणखी एक तुकडा पाडला. गर्दी तिथून आत. पोलीस मागे हटले.

पुढचे तीन दिवस, 26 ते 28 जानेवारी.

मग इजिप्तने दुसरा मार्ग धरला. सुएझ कालव्याकडून अल-अरिशला येणारे मालाचे ट्रक अडवले. दुकानं बंद ठेवायला सांगितलं. अल-अरिशच्या पुढे चौक्या बसल्या. बाजारात माल नसला की गर्दी आपोआप ओसरते, हे गाझाच्या वेढ्यातूनच शिकण्यासारखं होतं. परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेले विद्यार्थी आणि उपचारांसाठी निघालेले रुग्ण या चौक्यांवर अडकले. त्यांना पुढे कैरोचं विमानतळ गाठायचं होतं.

27 तारखेला जेरुसलेममध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास आणि ओल्मर्ट भेटले. अब्बास यांनी नाक्यांचा ताबा आपल्या प्रशासनाकडे द्यावा असं सुचवलं. हमासला ते मान्य होणार नव्हतं आणि झालं नाही.

बुधवार, 30 जानेवारी. उरलेले तास : नव्वदेक.

याच दिवशी दोन गोष्टी घडल्या. अब्बास कैरोत मुबारक यांना भेटले. पाठोपाठ हमासचं शिष्टमंडळही कैरोत आलं. दोघे एका खोलीत बसले नाहीत. ज्या सरहद्दीवर दोघांचीही माणसं गोणी वाहत होती तिचं फाटक कोणी सांभाळायचं यावर दोघांत मेळ बसेना. पॅलेस्टिनी नेतृत्वाच्या या भांडणाला मी सौम्यपणे काही म्हणणार नाही. त्या आठवड्यात ते अक्षम्य होतं.

आणि जेरुसलेममध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने मानवी हक्क संघटनांची याचिका फेटाळली. इंधन आणि विजेतली कपात चालू राहू शकते; गाझावर इस्राएलचं प्रत्यक्ष नियंत्रण राहिलेलं नाही, तेव्हा जगण्याला अत्यावश्यक तेवढं आत जाऊ दिलं की पुरे, असा निर्णय. अत्यावश्यक म्हणजे किती लिटर, हे मोजणार होतं इस्राएलचंच सैन्य.

1 आणि 2 फेब्रुवारी. उरलेले तास : पन्नास, मग तीस, मग वीस.

आता घाई दोन्ही बाजूंना. गाझातून निघालेले परत यायला धडपडत, सिनाईतून गाझात नातेवाइकांकडे आलेले इजिप्तचे लोक आपल्या घरी जायला. वाटा एक-दोनच उरल्या. हमासचे पोलीसही आता आपल्या बाजूने गर्दी आवरत होते, कारण कैरोला दुखवून त्यांचंही भागणार नव्हतं.

रविवार, 3 फेब्रुवारी. सकाळ. उरलेले तास : शून्य.

शेवटचं खिंडार काटेरी तार आणि लोखंडी पत्र्यांनी बुजवलं. फक्त आपापल्या घरी परतणाऱ्यांना सोडलं जात होतं. दुसऱ्या दिवशी सरहद्दीवर गोळीबार झाला, एक पॅलेस्टिनी मारला गेला. त्याच दिवशी इस्राएलमध्ये दिमोना इथे आत्मघातकी हल्ल्यात एक महिला ठार झाली. हल्लेखोर सिनाईच्या उघड्या सरहद्दीतून आले असं आधी म्हटलं गेलं. ते हेब्रॉनहून आले होते हे नंतर उघड झालं, तोवर उघड्या दाराचा धोका सिद्ध झाल्याचं सगळ्यांच्या मनात बसलं होतं.

पुढे काय झालं? नाकी चालवण्याची कुठलीही नवी व्यवस्था बसली नाही. व्यापार जमिनीखाली गेला. राफात भुयारं वाढत गेली; त्यांतून शेळ्या, पेट्रोल, मोटरसायकली आणि शस्त्रंही आली. वर फाटक असतं तर निदान शस्त्रं तपासता आली असती. जूनमध्ये इस्राएल आणि हमासमध्ये सहा महिन्यांचा युद्धविराम झाला, तो नोव्हेंबरपासून विसकटला, डिसेंबरमध्ये संपला.

शनिवार, 27 डिसेंबर 2008. सकाळी साडेअकरा.

इस्राएली विमानांनी गाझावर बॉम्बफेक सुरू केली. हल्ले 22 दिवस चालले. सुमारे चौदाशे पॅलेस्टिनी मारले गेले. इस्राएलचे 13 जण गेले. जगात कुठेही बॉम्ब पडू लागले की बायकामुलं घेऊन माणसं जवळची सरहद्द ओलांडतात. शेजारचा देश कुरकुरत का होईना तंबू ठोकतो, लढाई थांबली की बरेचजण परततात. गाझातल्या माणसांना या 22 दिवसांत कुठेही जाता आलं नाही. राफाच्या नाक्यावरून काही जखमींना इजिप्तमध्ये नेलं गेलं. बाकीचे आत राहिले. दार उघडलं तर हे लोक सामान घेऊन घरी परततात, हे अकरा महिन्यांपूर्वी सात लाखांनी चालून दाखवलं होतं.